पोस्टकार्डाची लिहिलेली बाजू

सचित्र पोस्टकार्डांचा संग्रह हा छंदांच्या यादीत तिकिटे आणि नाणी यांच्या खालोखाल येतो, आणि त्याच्याविषयी लिहिले जाते तेही बहुधा छंद म्हणूनच. कार्डे कशी निवडावीत, ती दमट हवेपासून कशी जपावीत, कोणते दुर्मीळ आणि कोणते सामान्य, इतके सांगून लेखक थांबतात. इंग्रजीत या छंदाला ‘डेल्टिऑलॉजी’ असे भारदस्त नावही आहे. ते लहान लेखनपाटी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडविले आहे. ‘प्रवासाची आठवण’ हा शब्दप्रयोग मात्र सर्वजण सहज करतात, आणि ती आठवण नेमकी कोणाची, हे कोणी विचारीत नाही. गेल्या काही दशकांत पोस्टकार्डांविषयी जे महत्त्वाचे लेखन झाले, त्यातील काहींकडे या एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावे, असा येथे विचार आहे.

प्रारंभी पोस्टकार्डावर चित्र नव्हतेच. १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्याने पहिले कार्ड काढले. एमान्युएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ती कल्पना मांडली होती आणि तिच्यामागे निव्वळ काटकसरीचा हिशेब होता. चार ओळींच्या निरोपासाठी पाकीट आणि कागद कशाला? आपल्याकडे १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे कार्ड मिळू लागले. चित्राचा शिरकाव सावकाश झाला. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात आयफेल मनोऱ्याचे चित्र असलेली कार्डे लोकांनी हौसेने घेतली. ब्रिटनमध्ये खासगी चित्रकार्डे टपालात टाकण्यास १८९४ साली मुभा मिळाली. तरीही कार्डाची एक संपूर्ण बाजू पत्त्यासाठीच राखलेली असे. लिहिणाऱ्याला जे सांगायचे ते चित्राच्या कडेला उरलेल्या कोऱ्या पट्टीत, कधी आकाशात, कधी एखाद्या पुलाच्या कमानीखाली दाटीवाटीने लिहावे लागे. १९०२ साली ब्रिटिश टपालखात्याने पत्त्याच्या बाजूवर मधोमध रेघ ओढून अर्ध्या भागात मजकूर लिहिण्याची परवानगी दिली. अमेरिकेत ती १९०७ साली मिळाली.

ही साधी रेघ मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यामुळे चित्राला एक अख्खी बाजू मिळाली आणि हस्ताक्षर पाठीमागे गेले. पुढे संग्राहकांनी कार्डे अल्बमच्या खाचांत बसविली तेव्हा वर राहिले ते चित्र, आणि हस्ताक्षर अल्बमच्या जाड पानाला तोंड करून बसले.

अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स (१९०३–१९७५) हा या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध संग्राहक. लहानपणापासून त्याने जमविलेली सुमारे नऊ हजार कार्डे १९९४ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी छापलेली, लहान गावांच्या मुख्य रस्त्यांची, रेल्वे स्टेशनांची, हॉटेलांची साधी कार्डे त्याला प्रिय होती. त्यांत कलावंताचा आव नाही, जे आहे ते समोरून दाखविण्याचा सरळपणा आहे, असे त्याचे म्हणणे होते. १९४८ साली ‘फॉर्च्युन’ मासिकात त्याने ही कार्डे छापली आणि त्यांच्याविषयी प्रेमाने लिहिले. नंतरच्या काळातील भडक रंगांची कार्डे त्याला मुळीच मान्य नव्हती. इव्हान्सच्या या निवडीचे मोल मोठे आहे. पोस्टकार्डाकडे गंभीरपणे पाहता येते हे त्याने दाखवून दिले. पण त्याची सारी वर्गवारी चित्रांची आहे. रस्ते एका गठ्ठ्यात, स्टेशने दुसऱ्या, दीपगृहे तिसऱ्या. ते कार्ड कोणी, कोणाला, कशासाठी पाठविले, हा त्या वर्गवारीचा विषयच नाही. परिणामी नऊ हजार कार्डांतून एक अप्रतिम अमेरिका उभी राहते. तिच्यातून जाणारे प्रवासी मात्र नजरेआड राहतात.

चित्राच्या सरळपणावर इव्हान्सचा जितका विश्वास, तितकाच मालेक अल्लुला या अल्जेरियन कवीचा अविश्वास. ‘ल आरेम कोलोनियाल’ हे त्याचे फ्रेंच पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि पाच वर्षांनी इंग्रजीत आले. १९०० ते १९३० या काळात फ्रेंच छायाचित्रकारांनी अल्जेरियन स्त्रियांची जी कार्डे छापली, ती त्याने एकत्र करून तपासली. घरात जाण्यास मज्जाव असलेल्या छायाचित्रकाराने स्टुडिओतच ‘अंतःपुर’ कसे उभे केले, पैसे देऊन आणलेल्या स्त्रियांना दागिने घालून कसे बसविले, एकच स्त्री त्याच पेहरावात वेगवेगळ्या मथळ्यांखाली वेगवेगळ्या प्रांतांची म्हणून कशी विकली गेली, हे तो एकेक कार्ड पुढे ठेवून दाखवितो. ही कार्डे लाखो फ्रेंच घरांत ‘अल्जेरियाची आठवण’ म्हणून गेली. आपले पुस्तक म्हणजे ते कार्ड पाठविणाऱ्याकडे परत धाडणे होय, अशी त्याची भूमिका आहे. पुस्तक तीक्ष्ण आहे आणि बरेचसे न्याय्य आहे. तरी एक आक्षेप उरतोच. ज्या चित्रांनी त्या स्त्रियांची विटंबना केली तीच चित्रे तो पानभर आकारात पुन्हा छापतो, आणि त्या स्त्रिया दुसऱ्यांदाही मुक्याच राहतात.

हा प्रश्न अल्जेरियापुरता नाही. आपल्या मुंबईतही विसाव्या शतकाच्या आरंभी कार्डांचा व्यापार जोरात होता. क्लिफ्टन अँड कंपनीची छायाचित्रकार्डे होती, रविवर्मा छापखान्याची शिळाछाप कार्डे होती, आणि कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईच्या माणसांची काढलेली रंगीत कार्डे होती. धुरंधरांचे ‘नखरेल मोलकरीण’ हे १९०३ च्या सुमाराचे कार्ड प्रसिद्ध आहे. मथळा इंग्रजीत आहे. म्हणजे गिऱ्हाईक कोण, हे वेगळे सांगावयास नको. पण धुरंधरांची नजर स्टुडिओतल्या फ्रेंच छायाचित्रकाराची नव्हे. त्या बाईच्या उभे राहण्यात, लुगड्याच्या चोपात ओळखीचा एक मिस्किलपणा आहे. रस्त्यात रोज भेटणाऱ्या माणसाचे ते चित्र आहे. तरीही तिला नाव नाही, ती एक ‘नमुना’ म्हणूनच विकली गेली. स्वकीय चित्रकाराचा कुंचला असला म्हणजे कार्डाचा व्यवहार बदलतोच असे नाही.

येथे आपल्या वाचकांना थोडे अवघड वाटेल असे एक सांगितले पाहिजे. युरोपातील मिशनसंस्थांनीही भारत आणि आफ्रिका येथील मिशनकार्याची कार्डे मोठ्या प्रमाणावर छापली. अनाथ मुलींची रांग, कुष्ठरोग्यांचा दवाखाना, झाडाखालची शाळा अशी चित्रे विकून धर्मकार्यासाठी निधी उभारला जाई. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि त्या पैशांतून शाळा चालल्या हेही खरे. पण रांगेत उभ्या केलेल्या त्या मुलींना आपले चित्र कोणाच्या टेबलावर जाणार हे ठाऊक असण्याचा संभव कमीच. अशी कार्डे आज संग्राहकांकडे चांगल्या किमतीस जातात. ज्यांच्या वाडवडिलांची ती चित्रे आहेत त्यांच्या घरी मात्र ती क्वचितच आढळतात.

म्हणूनच ओमर खान यांचे ‘पेपर ज्युएल्स’ (२०१८) हे पुस्तक मला या सर्वांत अधिक समाधान देते. ब्रिटिशकालीन भारतातील कार्डांचा हा इतिहास शहरवार मांडला आहे. मुंबई, कलकत्ता, मद्रास, काश्मीर, लाहोर असे करीत लेखक छापखान्यांचा, चित्रकारांचा, प्रकाशकांचा माग काढतो. धुरंधरांनाही त्यात योग्य ते स्थान मिळाले आहे. पण माझ्या दृष्टीने त्याचा खरा गुण असा की, चित्राखाली अनेक ठिकाणी पाठीमागचा हस्तलिखित मजकूरही तो छापतो. पुस्तकाची मांडणी देखणी आहे, काहीशी जास्तच देखणी. क्वचित संग्राहकाचा आनंद इतिहासकाराच्या चिकित्सेवर मात करतो. तरी कार्ड उलटून पाहण्याची सवय तो वाचकाला लावतो.

ती सवय आपल्या घरांतून लागणे अगत्याचे आहे. आपल्या समाजातील पुष्कळ माणसे बोटींवर आणि आखातात नोकरीसाठी गेली. त्यांनी पाठविलेली कार्डे अनेक घरांच्या कपाटांत, जुन्या प्रार्थनापुस्तकांत सापडतील. बंदराजवळच्या दुकानात मिळाले ते कार्ड त्यांनी घेतले. चित्रात दिसणारा राजवाडा किंवा कारंजे त्यांनी पाहिलेच असेल असे नाही. बोट सुटण्यापूर्वी हाती एखादा तास असलेल्या खलाशाला कारंजी पाहण्यास सवड कोठली? अमेरिकन समीक्षक सुझान स्ट्युअर्ट यांनी ‘ऑन लाँगिंग’ (१९८४) या ग्रंथात म्हटले आहे की, बाजारात घाऊक मिळणारे दृश्य हस्ताक्षराने खासगी होते आणि मग ते दुसऱ्याला दिले जाते. त्यांच्यासमोर हौशी प्रवासी आहे. पोटासाठी गेलेल्या माणसाच्या कार्डाला हे म्हणणे अधिकच लागू पडते, कारण त्यात चित्राचा भाग जवळजवळ निरर्थक असतो. ‘मनीऑर्डर मिळाली का?’, ‘बाळाचा बाप्तिस्मा केव्हा ठरला?’ अशा मजकुराला पुढच्या बाजूचे कारंजे फक्त एक निमित्त असते.

आणि नेमकी हीच कार्डे संग्रहात टिकत नाहीत. दुकानातून कोरे घेतलेले, डाग नसलेले कार्ड अल्बममध्ये जाते. लिहिलेले, दुमडलेले, शाई पसरलेले कार्ड रद्दीत जाते. वापरलेली तिकिटे मिशनच्या मदतीसाठी गोळा करण्याची प्रथा कॅथलिक शाळांतून आणि धर्मग्रामांतून दीर्घकाळ चालत आली. काम चांगले होते, पण तिकिटाबरोबर टपालशिक्क्याचा तुकडाही कापला जाई, आणि त्याबरोबर कार्ड टाकल्याचा दिवस आणि बंदर. लिहिणाऱ्याने तारीख घातली नसेल तर ते कार्ड कोणत्या सफरीतले, हे मग घरातल्या एखाद्या वृद्ध स्त्रीच्याच स्मरणात राहते. ती असेतोवर कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वर्ष आणि पाठविणाऱ्याचे नाव लिहून घेता येते. पेन्सिलच वापरावी; शाई पलीकडे उमटते.