प्लुटोनियम : भीती आणि भलावण

प्लुटोनियमविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात दोन ठरावीक सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हा जगातील सर्वांत विषारी पदार्थ, माणसाने जन्माला घातलेला राक्षस. दुसऱ्याला त्यात ऊर्जेची अक्षय्य थाळी दिसते. सातपूरच्या एखाद्या शाळेत यांतला कोणताही लेख वाचून दाखवला आणि मुलांनी नेमके प्रश्न विचारले, तर दोन्ही लेख अपुरे पडतील, असे आम्हांला वाटते.

'माणसाने निर्माण केलेले' हे अर्धसत्य आहे. डिसेंबर १९४० मध्ये बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये युरेनियमवर ड्यूटेरॉनचा मारा करण्यात आला आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये ग्लेन सीबोर्ग व सहकाऱ्यांनी हे ९४ वे मूलद्रव्य ओळखले. पुढे युरेनियमच्या खनिजातही त्याचा अत्यल्प अंश सापडला. युरेनियम-२३८ ने न्यूट्रॉन पकडला की युरेनियम-२३९ बनते. त्यातून नेप्च्यूनियम-२३९ आणि अखेर प्लुटोनियम-२३९. अणुभट्टीत हेच मोठ्या प्रमाणावर घडते आणि त्यातले बरेचसे प्लुटोनियम तिथेच विखंडनात खर्चही होते. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांसारख्या, साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्यांत साधारण एक तृतीयांश उष्णता अशीच मिळते. राक्षसाने आपल्या घरचे दिवे लावले आहेत, हे पहिल्या प्रकारचे लेख सांगत नाहीत.

'सर्वांत विषारी' हेही तपासून पाहू. प्लुटोनियम-२३९ चे अल्फा कण हवेत चारेक सेंटिमीटरच जातात आणि त्वचेच्या मृत थरात अडतात. लासलगावला २००२ साली उभारलेल्या विकिरण केंद्रात कांद्यासाठी कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरतात. प्लुटोनियमचे अल्फा कण कांद्याच्या वरच्या सालींतच अडकले असते. मात्र त्याची सूक्ष्म धूळ श्वासावाटे आत गेली, तर ती फुप्फुसे, यकृत व हाडे यांत वर्षानुवर्षे राहते आणि कर्करोगाचा धोका वाढवते. बोट्युलिझमचे विष मात्रेच्या हिशेबाने याहून कितीतरी जहाल आहे. तेव्हा किती आणि कोणत्या वाटेने, हे सांगितल्याशिवाय 'विषारी' या शब्दाला अर्थ नाही.

धातू म्हणून तर त्याच्याकडे कोणी पाहतच नाही. सातपूरच्या कारखान्यांत लेथवर काम करणाऱ्यांच्या मुलांना तापलेला धातू प्रसरण पावतो हे घरीच कळते. प्लुटोनियमची सहा स्फटिकरूपे आहेत. खोलीच्या तापमानाला त्याची घनता १९.८, तर डेल्टा रूपात सुमारे १५.९, आणि हे डेल्टा रूप तापवले तर चक्क आकुंचन पावते!

समस्थानिकांचा घोळ तर नेहमीचाच. बाँब आणि भट्टीतील प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य २४,१०० वर्षे. मंगळावरच्या 'क्युरिऑसिटी' गाडीला वीज पुरवणाऱ्या प्लुटोनियम-२३८ चे ८७.७ वर्षे. दोन्हींना एकाच नावाने हाकारले की वाचकाचा गोंधळ ठरलेला.

दुसऱ्या सुराबद्दल आमची तक्रार अधिक गंभीर आहे. होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली तुर्भ्याला प्लुटोनियम वेगळे करणारा कारखाना सुरू झाला. ही कामगिरी मोठीच. पण कॅनडाने शांततामय उपयोगासाठी दिलेल्या 'सायरस' भट्टीतले प्लुटोनियम १९७४ साली पोखरणला वापरले गेले, हा प्रश्न गौरवलेख टाळतात. ज्या रासायनिक प्रक्रियेतून इंधन मिळते, तिच्यातूनच बाँबचा मालही मिळतो. शिवाय पुनःप्रक्रियेने कचऱ्याचा प्रश्न मिटतो म्हणावे, तर विखंडनातून उरलेली किरणोत्सारी द्रव्ये मागे राहतातच.

शिक्षकांनी असा लेख हाती आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत : कोणता समस्थानिक, किती आणि कुठे? वरच्या वर्गाला एक गणितही घालता येईल. प्लुटोनियम-२३९ चा साठा १०२४ व्या हिश्शावर यायला दहा अर्धायुष्ये, म्हणजे २,४१,००० वर्षे लागतात. तितका काळ त्याची राखण कोणी आणि कशी करायची, याची चर्चा मुलांनाच करू द्यावी.