पँथरचा सिग्नल आणि पोलिसांचा कॅमेरा

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिने नाव घेतले ते अमेरिकेतील ओकलंड शहरात ऑक्टोबर १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. नावाबरोबर चित्रही आले: काळी टोपी, कातडी जाकीट, बंदूक. आपल्या समीक्षेने पन्नास वर्षे हेच चित्र जपले. त्यात रस्त्यावरचा सिग्नल मात्र कधी आला नाही.

ओकलंडमध्ये मार्केट स्ट्रीट आणि पंचावन्नावा रस्ता मिळतात त्या चौकात शाळेची मुले गाड्यांखाली सापडत. वस्ती काळ्यांची. सिग्नल मागितला तर उत्तर आले, १९६८ च्या अखेरीपर्यंत थांबा. पँथर थांबले नाहीत. चौकात उभे राहून ते स्वतःच गाड्या अडवू लागले, मुलांना पलीकडे पोचवू लागले. ऑगस्ट १९६७ मध्ये सिग्नल बसला. याच दिवसांत ते पोलिसांच्या गाडीमागे आपली गाडी नेत आणि कोणाला अडवले की कायद्याचे पुस्तक घेऊन अंतरावर उभे राहत. रस्ता आमचाही आहे, आणि त्या रस्त्यावर कोणी कोणावर नजर ठेवायची हे एकट्या पोलिसांनी ठरवायचे नाही, अशा या दोन मागण्या मुळात एकच होत्या.

ओकलंडच्या नगरपरिषदेने त्यांची दोन वेगळी प्रकरणे केली. रस्त्याच्या प्रकरणात वस्तीने काही मिळवले. १९५७ मध्ये पश्चिम ओकलंडची काळी वस्ती चिरत सायप्रस फ्रीवे हा दुमजली रस्ता गेला. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात तो कोसळून ४२ माणसे मेली. तो पुन्हा त्याच जागी नको म्हणून वस्ती लढली, रस्ता वळवावा लागला, आणि जुन्या जागेवर आज मंडेला पार्कवे आहे. पुढे २०१९ च्या तीन वर्षांच्या, १० कोटी डॉलरच्या डांबरीकरणाच्या आराखड्यात कोणत्या भागात गरीब आणि गौरेतर लोक अधिक आहेत हे मोजून अग्रक्रम ठरवला गेला. आपल्याकडे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दलित वस्तीचा रस्ता कितव्या पानावर येतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको.

पण मोजणी दुसऱ्या हातातही असते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या संस्थेने ओकलंड पोलिसांच्या नंबरप्लेट टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आठ दिवसांच्या नोंदी मिळवून २०१५ मध्ये नकाशावर मांडल्या, तेव्हा गरीब, काळ्या व लॅटिनो वस्त्यांवर ठिपके दाट पडलेले दिसले. गुन्हा केला म्हणून नव्हे, तेथे राहतो म्हणून नोंद. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना ‘हजेरी’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. तेथे माणसाला चौकीवर जावे लागे. येथे चौकीच खांबावर चढून बसली आहे.

ओकलंड याबाबत बेसावध नव्हते, हेही सांगितले पाहिजे. शहरभर पाळत ठेवणाऱ्या एका केंद्राची योजना २०१४ मध्ये लोकांच्या विरोधामुळे बंदर व विमानतळापुरती आखडावी लागली. त्यातून खासगीपणाचा सल्लागार आयोग निघाला. तरीही डिसेंबर २०२५ मध्ये, आयोगाचे मत प्रतिकूल असताना, परिषदेने फ्लॉक कंपनीच्या कॅमेऱ्यांचा सुमारे २२.५ लाख डॉलरचा करार मंजूर केला.

येथे आपल्या परिवर्तनवादी मंडळींची नेहमीची चूक होण्याचा संभव आहे. परिषद गोरी, प्रस्थापित, आणि कॅमेरा म्हणजे तिचा डोळा, असे सोपे समीकरण मांडून आपण मोकळे होऊ. परंतु कॅमेरे मागणाऱ्यांत पूर्व ओकलंडमधील काळी कुटुंबे होती, चायनाटाऊनमधील दुकानदार होते. ज्याचे पोर गोळीने गेले त्याला खासगीपणावर व्याख्यान देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. या माणसांची फसवणूक झाली असे म्हणणेही उद्धटपणाचे आहे. एवढेच म्हणता येईल की त्यांची मूळ तक्रार पोलीस हाकेला येत नाहीत ही होती, आणि परिषदेने तिचे भाषांतर कॅमेऱ्यात केले. हाक मारणाऱ्याचे नाव त्या भाषांतरात गळाले. त्याच्या गाडीचा नंबर तेवढा राहिला.