काठिण्य कोणाच्या अंगावर? : जिम्नॅस्टिक्स आणि चिअरलीडिंगच्या गुणपत्रिका

रिओ ऑलिम्पिकमध्ये १४ ऑगस्ट २०१६ रोजी दीपा कर्माकरने व्हॉल्टच्या अंतिम फेरीत दोन उड्या मारल्या. पहिली त्सुकाहारा प्रकारातली. ती बरीच नेटकी उतरली आणि तिला १४.८६६ गुण मिळाले. दुसरी प्रोदुनोवा : हातांच्या रेट्यावर हवेत जायचे, पुढच्या दिशेने दोन कोलांट्या घ्यायच्या आणि पायांवर यायचे. दीपा पायांवर आली खरी, पण इतकी खोल बसली की बैठक जवळजवळ गादीला टेकली. या उडीला गुण मिळाले १५.२६६. दोहोंची सरासरी १५.०६६ झाली आणि कांस्यपदक ०.१५० ने हुकले.

त्या हुकलेल्या पदकावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. मला या दोन उड्यांमधला फरक अधिक बोलका वाटतो. पहिलीचे काठिण्य ६.०, दुसरीचे ७.०; सफाईचे गुण अनुक्रमे ८.८६६ आणि ८.२६६. बिघडलेल्या उतरणीपायी ०.६ गेले, पण अवघड उडी निवडल्याबद्दल पूर्ण एक गुण आधीच पदरात पडला होता. कमी नेटकी उडी जास्त गुण घेऊन गेली आणि नियमाप्रमाणे ते योग्यच होते. आपल्या गाण्याच्या बैठकीत ‘तयारी जबरदस्त आहे’ अशी दाद कानावर आली की जाणकार पुढच्या ‘पण’ची वाट पाहतो. जिम्नॅस्टिक्सच्या आजच्या गुणपत्रिकेत त्या ‘पण’ची किंमत ठरलेली आहे, आणि ती फारशी नाही.

हे पूर्वापार असे नव्हते. १९७६ साली माँट्रियलमध्ये चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले, तेव्हा गुणफलकाला तो आकडा दाखवता येईना, फलकावर १.०० उमटले. दहा हे छत होते आणि काठिण्य व तंत्र दोन्ही त्याच्याखाली दाटीवाटीने राहत. २००४ मध्ये अथेन्सला दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगच्या समांतर बारवरील रचनेची सुरुवातीची किंमत ०.१ ने कमी धरली गेली, सर्वंकष स्पर्धेचे सुवर्ण अमेरिकेच्या पॉल हॅमकडे गेले आणि वाद लवादापर्यंत पोहोचला. २००६ पासून हिशेबच वेगळा झाला. पंचांचा एक गट काठिण्य मोजतो, त्याला वरची मर्यादा नाही. दुसरा गट दहापासून खाली उतरत चुका वजा करतो : लहान चूक ०.१, मध्यम ०.३, मोठी ०.५, आणि आज पडण्याला पूर्ण १.०.

छत काढले की वर जाणारा जातोच. मग त्याला आवरायचे कसे? नियमकर्त्यांनी किंमत उतरवण्याचा मार्ग धरला. प्रोदुनोवाची किंमत रिओनंतर कमी झाली. २०१९ मध्ये श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत सिमोन बाइल्सने बीमवरून दोन कोलांट्या आणि दोन गिरक्या घेऊन उतरण्याचा प्रकार नोंदवला. त्याला फक्त ०.८ ची श्रेणी मिळाली आणि कारण सांगितले गेले सुरक्षिततेचे. जिला जमते तिला कमी द्यायचे, कारण जिला जमत नाही तीही करू पाहील! बाइल्स चिडली, आणि तिचे चिडणे रास्त होते. पण नियमकर्त्यांची भीतीही खोटी म्हणता येत नाही.

आता चिअरलीडिंगकडे. आपल्याकडे हा शब्द २००८ च्या आयपीएलबरोबर घरोघरी पोचला आणि चौकारानंतर नाचणाऱ्या मुलींपाशीच थांबला. मी बोलतो आहे ते स्पर्धात्मक चिअरलीडिंगबद्दल. या परंपरेचा आरंभ १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या सामन्यात घोषणा देणाऱ्या जॉनी कॅम्पबेल या पुरुष विद्यार्थ्यापासून मानतात. अमेरिकेतल्या एका न्यायालयाने २०१० मध्ये क्विनिपिअ‍ॅक विद्यापीठाच्या खटल्यात याला खेळ मानायला नकार दिला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने याच्या जागतिक संघटनेला २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली.

जास्तीत जास्त अडीच मिनिटांची रचना, गादीवर वीसच्या आसपास खेळाडू. कोलांट्या, उंच फेक, माणसांवर माणसे. इथे काठिण्याला छत आहे आणि तेही पायरीपायरीने. संघ एक ते सात अशा पातळ्यांत खेळतात आणि त्या त्या पातळीच्या पलीकडचे करणे हा नियमभंग ठरतो. जमिनीवरच्या उड्यांत सर्वांत वरच्या पातळीलाही एक कोलांटी आणि दोन गिरक्या, एवढीच मुभा. बाइल्सची दोन कोलांट्या-तीन गिरक्यांची उडी चिअरमध्ये कोणत्याच पातळीवर चालणार नाही. मनोऱ्यालाही अडीच माणसांच्या उंचीची हद्द आहे. आपल्या दहीहंडीत थरांवर बक्षीस ठरते. तिथे वीस फुटांची मर्यादा २०१४ साली न्यायालयाला बाहेरून घालावी लागली, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१६ मध्ये कायम ठेवली आणि २०१७ मध्ये ती सुटली. चिअरने ही हद्द खेळाच्या आतच आखून घेतली.

यावरून चिअरमध्ये तंत्राचे राज्य असेल असे वाटावे. काही अंशी ते आहेही. जिम्नॅस्टिक्समधून हद्दपार झालेली परिपूर्णता इथे उलट्या रूपात जिवंत आहे : एकही कपात न होता रचना पार पडली की ‘हिट झीरो’. तिकडचे दहा गेले, इकडे शून्याचा जयघोष होतो. तरी जिम्नॅस्टिक्सची माणसे नाक मुरडतात. गुडघे वाकलेले, पाय सुटलेले, उतरताना छाती खाली, असा त्यांचा आक्षेप. तो मला निम्माच पटतो. बारा मीटरचा चौरस एकटीला मिळणे आणि इतक्या जणांच्या गर्दीत दोन पावलांची धाव मिळणे यांत फरक आहे. शिवाय चिअरचे खरे तंत्र उडीत नाही, खालच्या हातांत आहे. फ्लायर वर एका पायावर उभी असते तेव्हा प्रेक्षक तिचा ताणलेला पाय पाहतात. तोल मात्र बेसच्या मनगटांत आणि मागच्या बॅकस्पॉटच्या पकडीत असतो. ते काम जितके चोख, तितके ते दिसत नाही.

आक्षेपाचा उरलेला निम्मा भाग मात्र गंभीर आहे. उंचीला मर्यादा घातल्यावर काठिण्य मोजायचे कशाने? अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांच्या गुणपत्रिकांनी उत्तर काढले : किती जणांनी केले यावर. एखादी उडी संघातल्या बहुसंख्यांनी केली तर वरचा गट, मोजक्यांनी केली तर खालचा. जिम्नॅस्टिक्सच्या ऑलिम्पिक सांघिक अंतिम फेरीत प्रत्येक साधनावर तिघीच उतरतात आणि ज्या साधनावर जी कच्ची, ती बाजूला बसते. चिअरमध्ये गादीवरचा प्रत्येक जण मोजणीत असतो. संघाला एक आकडा कमी पडत असेल तर तो भरून काढायला सांगितले जाते ते जिची उडी अजून पिकलेली नाही तिला. जिम्नॅस्टिक्सचे उघडे छत सर्वांत बलवान खेळाडूला धोक्याकडे ओढते, चिअरची डोकेमोजणी सर्वांत कच्च्या खेळाडूला. मला दुसरी ओढ अधिक वाईट वाटते, कारण बलवानाला निदान निवड असते. अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांतील मुलींच्या अत्यंत गंभीर क्रीडा-दुखापतींत चिअरलीडिंगचा वाटा सर्वांत मोठा राहिला आहे. त्याला फेकी, कडक जमीन, अपुरे प्रशिक्षक अशी अनेक कारणे आहेत. गुणपत्रिका त्या यादीत घ्यावी असे माझे मत आहे.

‘चिअर’ या २०२० च्या मालिकेत टेक्सासमधल्या नवारो महाविद्यालयाचा संघ दिसतो. चाळीस जणांतून वीस गादीवर जायचे. जखमी खेळाडूची जागा दुसऱ्याने भरायची, आणि त्या नव्या हातांची सवय फ्लायरने काही दिवसांत करून घ्यायची. मालिकेने अश्रू भरपूर दाखवले. ही सवय लागते कशी, हे तिने आणखी दाखवायला हवे होते.

२०२३ मध्ये अँटवर्पला बाइल्सने युर्चेंको डबल पाइक ही उडी मारली तेव्हा प्रशिक्षक लॉरां लांदी सावधगिरी म्हणून गादीवर उभे राहिले. त्यांनी तिला हातही लावला नाही. तरी नुसत्या उभे राहण्याचे ०.५ गुण कापले गेले. चिअरमध्ये फ्लायरच्या मागे असाच एक जण हात वर करून उभा असतो. तिथे तो संघातला खेळाडू आहे.