जनुकोपचार आणि फुप्फुस : एका संशोधनपरंपरेचे परीक्षण

सप्टेंबर १९८९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लॅप-ची त्सुई, जॉन रिऑर्डन, फ्रान्सिस कॉलिन्स व त्यांचे सहकारी यांचे तीन निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक व्याधीचे कारण असलेले सातव्या गुणसूत्रावरील जनुक त्यांनी निश्चित केले होते. मातापित्यांकडून या जनुकाची सदोष प्रत एकेक अशी दोन्ही बाजूंनी आली म्हणजे अपत्यास ही व्याधी जडते. श्वासमार्गातील श्लेष्म घट्ट होते, जंतूंना तेथे ठाणे मिळते आणि फुप्फुसे वर्षानुवर्षे झिजत जातात. दोष एकाच जनुकात, रोग मुख्यतः फुप्फुसात आणि फुप्फुस तर श्वासावाटे बाहेरूनच गाठता येणारे. तेव्हा निर्दोष जनुक फवाऱ्याने आत पोहोचविले की काम झाले, असा सरळ तर्क त्या वेळी केला गेला. तो तर्क आकर्षक होता यात शंका नाही. तथापि त्यानंतरच्या तीन दशकांहून अधिक काळाचा इतिहास पाहता त्या तर्कातील उणीव कोठे होती, हे तपासणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट. या संशोधकांच्या परिश्रमाविषयी किंवा प्रामाणिकपणाविषयी आम्हांस यत्किंचितही संशय नाही. आमचा आक्षेप आहे तो एका गृहीतकावर. जनुक कळले म्हणजे इंद्रिय कळले, असे या परंपरेने दीर्घकाळ न बोलता मानले.

या गृहीतकाला पहिला आधार मिळाला तो प्रयोगपात्रातून. १९९० साली दोन स्वतंत्र गटांनी रुग्णांच्या पेशींत निर्दोष जनुक घालून क्लोराइडचे वहन पूर्ववत् होते असे दाखविले. १९९२ साली आणखी एक निष्कर्ष पुढे आला. अस्तराच्या पेशींच्या थरात शेकडा सहा ते दहा पेशी जरी दुरुस्त झाल्या, तरी संपूर्ण थराचे क्लोराइड-वहन सामान्य पातळीस येते. हा निष्कर्ष त्याच्या मर्यादेत बिनचूक आहे. परंतु प्रयोगपात्रातील थराला ना घट्ट श्लेष्माचे आवरण असते, ना जुनाट जंतुसंसर्ग, ना देहाची प्रतिकारशक्ती. ‘शेकडा सहा ते दहा’ हा आकडा पुढे ध्येयवाक्यासारखा वापरला गेला. मात्र ज्या परिस्थितीत तो मिळाला ती परिस्थिती आणि रुग्णाचे फुप्फुस यांतील अंतर मोजण्याकडे तितकेसे लक्ष गेले नाही.

१९९३ साली मानवी चाचण्या सुरू झाल्या. जनुक शोधल्यापासून अवघ्या चार वर्षांच्या आत ही मजल गाठली गेली. मायकेल वेल्श यांच्या गटाने तीन रुग्णांच्या नाकातील अस्तरावर, तर बेथेस्डा येथे रोनाल्ड क्रिस्टल यांच्या गटाने नाक व फुप्फुस या दोन्ही ठिकाणी ॲडिनोव्हायरसच्या साहाय्याने जनुक पोहोचविले. हा विषाणू निसर्गतः श्वासमार्गाचाच रोग उत्पन्न करतो. म्हणून तोच वाहक म्हणून योग्य, अशी विचारसरणी होती. क्रिस्टल यांच्या एका रुग्णास अधिक मात्रेनंतर तात्पुरता दाह झाला. १९९५ साली बारा रुग्णांच्या नाकावर करण्यात आलेल्या नियंत्रित अभ्यासात अपेक्षित दुरुस्ती आढळून आली नाही. पुढे कारणही उमगले. या विषाणूस पेशीत शिरण्यासाठी जो ग्राही लागतो, तो श्वासमार्गाच्या पेशींच्या हवेकडील बाजूस नसून प्रामुख्याने खालच्या व पार्श्वबाजूंस असतो. म्हणजे दार होते, पण ते घराच्या मागील बाजूस होते. हे ज्ञान चाचणीनंतर मिळाले, आधी नव्हे.

१९९९ साली फिलाडेल्फिया येथे यकृताच्या एका आनुवंशिक व्याधीवरील चाचणीत ॲडिनोव्हायरस दिल्यानंतर अठरा वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. ती चाचणी फुप्फुसाची नव्हती. तथापि वाहक त्याच कुळातला होता, आणि या घटनेने जनुकोपचाराच्या संपूर्ण क्षेत्रास अंतर्मुख केले. त्यानंतर भिस्त पडली ती ॲडिनो-संलग्न विषाणूवर. हा विषाणू तुलनेने निरुपद्रवी आहे, पण त्यात सामावणारे जनुकद्रव्य सुमारे ४.७ हजार घटकजोड्यांपुरतेच. त्या प्रथिनात १४८० ॲमिनो आम्ले असल्याने त्याच्या संहितेलाच जवळजवळ साडेचार हजार जोड्या लागतात. नियंत्रक भागांसाठी जागा उरते ती नाममात्र. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, १०२ रुग्णांवरील चाचणीत या वाहकाचा फवारा वारंवार देऊनही फुप्फुसकार्यात अपेक्षित सुधारणा दिसली नाही. शिवाय श्वासमार्गाचे अस्तर सतत नवे होत असल्याने औषध पुन:पुन्हा देणे भाग, आणि पुन:पुन्हा दिले की शरीर विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. हा पेच केवळ तांत्रिक नव्हे. तो फुप्फुसाच्या स्वभावातच आहे.

या पार्श्वभूमीवर २०१५ साली ‘लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन’ मध्ये प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधील चाचणीचा अहवाल विशेष लक्षपूर्वक वाचावयास हवा. लंडन, ऑक्सफर्ड व एडिंबरो येथील संशोधकांनी २००१ साली एकत्र येऊन हे कार्य हाती घेतले होते. त्यांनी विषाणूचा मार्ग सोडून जनुक वाहणारे प्लास्मिड स्निग्ध कणांच्या वेष्टनात बसविले. बारा वर्षांवरील रुग्णांना वर्षभर, सुमारे दर अठ्ठावीस दिवसांनी, एका गटास हा फवारा आणि दुसऱ्यास केवळ मीठपाण्याचा फवारा द्विअंध पद्धतीने देण्यात आला. आखणीबरहुकूम पार पडलेल्या ११६ रुग्णांचा हिशेब पाहता, पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेल्या हवेच्या मापात दोन्ही गटांत ३.७ टक्क्यांचा फरक पडला. उपचार घेतलेल्यांचे माप जवळपास स्थिर राहिले. मीठपाणी घेतलेल्यांचे सुमारे चार टक्क्यांनी घटले.

हा निकाल कसा वाचावा? एक पक्ष म्हणेल की जनुकोपचाराने फुप्फुसास लाभ होतो, हे प्रथमच सिद्ध झाले. दुसरा म्हणेल की ३.७ टक्के म्हणजे काहीच नव्हे. आमच्या मते दोन्ही पक्ष उतावीळ आहेत. या फरकाची विश्वाससीमा ०.१ पासून ७.३ पर्यंत पसरलेली आहे. म्हणजे लाभ लक्षणीय असू शकेल तसा जवळजवळ शून्यही असू शकेल. शिवाय श्वासाचे माप सुधारले म्हणून जनुक पेशीत जाऊन प्रथिन बनवू लागले, असा निष्कर्ष आपोआप निघत नाही. ही साखळी कडीकडीने सिद्ध व्हावी लागते. आरंभीच ज्यांची फुप्फुसे अधिक बिघडलेली होती त्यांच्यात परिणाम अधिक दिसला, ही नोंद कुतूहलजनक असली तरी उपगटांच्या विश्लेषणावर फार भार टाकता येत नाही. मात्र या अहवालाचे खरे मोल निराळेच आहे. लेखकांनी आपल्या निकालास ‘माफक’ असेच म्हटले, त्याला अलंकार चढविले नाहीत, आणि पुरेशी मोठी, पुरेशी दीर्घ, नियंत्रित चाचणी करून दाखविली. १९९३ च्या घाईनंतर या परंपरेला आलेली ही परिपक्वता होय.

दरम्यान दुसऱ्या एका वाटेने मोठी मजल मारली गेली. जनुक बदलण्याऐवजी बिघडलेले प्रथिनच लहान रेणूंनी दुरुस्त करावे, ही ती वाट. २०१२ साली आयव्हाकाफ्टर या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली; ते एका विशिष्ट उत्परिवर्तनावर उपयोगी होते. २०१९ साली मान्यता मिळालेल्या तिहेरी औषधाने चार आठवड्यांतच श्वासाच्या मापात निष्क्रिय औषधाच्या तुलनेत सुमारे चौदा अंशांची वाढ घडविली. येथे वाचकाने सावध राहिले पाहिजे : २०१५ चा आकडा सापेक्ष बदलाचा होता, हा निरपेक्ष अंशांचा आहे; दोन्ही एका तागडीत तोलणे योग्य नव्हे. तरीही तफावत उघड आहे. जनुकाच्या शोधाचे फळ मिळाले, पण ते जनुकोपचाराच्या झाडास न लागता प्रथिनाच्या अभ्यासास लागले.

मग जनुकोपचाराचा नाद सोडावा काय? काही विचारवंत तसे सुचवितात. हे मत आम्हांस मान्य नाही, आणि त्याचे कारण केवळ शास्त्रीय नाही. औषधाने दुरुस्त व्हावयास मुळात काही प्रथिन असावे लागते. या जनुकातील दोन हजारांहून अधिक फेरफार नोंदले गेले आहेत; त्यांतील काहींमुळे प्रथिनाची रचना अर्ध्यावरच थांबते. अशा रुग्णास प्रथिन सुधारणारे औषध निरुपयोगी. पाश्चात्त्य देशांत असे रुग्ण सुमारे दहांत एक मानले जातात. पण हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. ज्या उत्परिवर्तनावर ही औषधे मुख्यतः बेतलेली आहेत, ते ५०८ व्या स्थानावरील फेनिलॲलनिनचा लोप करणारे उत्परिवर्तन युरोपीय वंशाच्या रुग्णांत बहुसंख्य. भारतीय रुग्णांत ते त्या मानाने कमी आढळते. म्हणजे जे ‘उरलेले’ म्हणून बाजूस पडतात, त्यांत आपल्याकडील मुलांचा वाटा अधिक असण्याचा संभव आहे. त्यातच या औषधाची अमेरिकेतील आरंभीची वार्षिक किंमत तीन लाख डॉलरांहून अधिक होती. निर्दोष जनुक देणारा उपचार कोणते उत्परिवर्तन आहे हे विचारत नाही. हाच त्याचा खरा आधार आहे, आणि तो आजही टिकून आहे. तो उपचार स्वस्त असेल असे मात्र कोणी समजू नये.

परंतु हा आधार टिकावयाचा तर जुने गृहीतक सोडले पाहिजे. २०१८ साली दोन गटांनी श्वासमार्गात आयनोसाइट नावाचा एक दुर्मीळ पेशीप्रकार शोधला. संख्येने शंभरात एखादीच असलेली ही पेशी हे जनुक मोठ्या प्रमाणात व्यक्त करते. २०२१ च्या एका अभ्यासाने मात्र स्रावक पेशींचे महत्त्व पुढे आणले. तात्पर्य, जनुक हाती आल्यानंतर जवळजवळ तीस वर्षे, ते नेमके कोणत्या पेशीत पोहोचवावयाचे, याचे निश्चित उत्तर आपल्याजवळ नव्हते. आणि आजही हा वाद मिटलेला नाही. पत्ता ठाऊक नसता पत्र पाठविण्यासारखे हे होते. आता सेंडाई विषाणूची पृष्ठप्रथिने लावलेला लेंटिव्हायरस हवेकडील बाजूनेच पेशीत शिरू शकतो म्हणून त्याच्याकडे आशेने पाहिले जात आहे, आणि तोही मानवी चाचण्यांच्या टप्प्यापर्यंत पोहोचला आहे. त्याचे मूल्यमापन करताना १९९३ ची आठवण ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.

आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या इतिहासापासून एक प्रश्न विचारावयास शिकावे. कोणत्याही उपचाराच्या निबंधात ‘दोष कोठे आहे’ याचे उत्तर पहिल्याच पृष्ठावर असते. त्यांनी पुढचा प्रश्न विचारावा : तो दोष ज्या पेशीत आहे ती पेशी कोणती, तिच्याकडे कोणत्या दाराने जाता येते, आणि ती किती दिवस जगते? ज्या निबंधात या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याची घाई करू नये. आणि ज्या रुग्णास दुसरे औषधच उपलब्ध नाही, त्याच्या वाट्याला आलेला हा विलंब कोणाच्या घाईमुळे वाढला, याचाही हिशेब आपण केव्हा तरी मांडला पाहिजे.