आधी गोष्ट, मग अक्षर

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांचे मूळ गुजराती 'दिवास्वप्न' प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने वाचावे असे आहे. त्यातील गुरुजी प्रयोगासाठी चौथीचा वर्ग मागून घेतात. पहिल्या दिवशी शांततेचा खेळ फसतो. मग ते गोष्ट सांगू लागतात आणि वर्ग हाती येतो. आधी ऐकणे-बोलणे, मग वाचन-लेखन, हा पुस्तकाचा बोध मला पूर्ण मान्य आहे.

उणीव वेगळीच आहे. त्या वर्गात गुरुजींची आणि मुलांची भाषा एकच. आमच्या अळणावरात मूल घरी मराठी, बाजारात कन्नड बोलते. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू बहुधा नपुंसकलिंगी. मराठीत दगड तो, भिंत ती, घर ते. त्या सवयीने एखादे मूल 'भिंत पडलं' असे लिहिते आणि आपण लाल शाई काढतो. पण हे अज्ञान नव्हे, शेजारच्या भाषेचा नियम आहे. तो शाईने पुसला जात नाही. 'भिंत पडली' हे गोष्टीत वीसदा कानी पडले, की जिभेवर बसते. गिजुभाईंची गोष्ट गोडी लावते. आमच्याकडे तिला लिंगविचारही रुजवावा लागतो. 'दिवास्वप्न' इथे आपल्याला एकटे सोडते.

दोन भाषा हे ओझे मात्र नव्हे. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. १९७३चे ज्ञानपीठ त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाले. तेव्हा पालकांनी निजताना मुलांना रोज एक मराठी गोष्ट सांगावी. शाळेतले निम्मे काम तिथेच होते.