कंसातील विद्यार्थी

‘डिसअॅबिलिटी राइट्स ग्रुप विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१७ रोजी दिलेला निर्णय उच्च शिक्षणातील अपंगांच्या हक्कांच्या दृष्टीने महत्त्वाचा होय. २०१६ च्या अधिनियमातील पाच टक्के आरक्षणाचे पालन प्रत्येक संस्थेने केले पाहिजे, असे त्याने बजावले. त्याचबरोबर सुगम्यता आणि अध्यापनपद्धती या दोन्ही अंगांचा अभ्यास करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने समिती नेमावी, असाही आदेश दिला. या समितीने प्रत्येक शिक्षणसंस्थेत एक अंतर्गत मंडळ स्थापण्याचा विचार करावा, असे पुढे म्हटले आहे. मंडळावर कोण असावे, हे मात्र एका कंसात सांगितले आहे : शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी आणि पालक. प्रस्तुत विवेचनाचा विषय या कंसातील तिसरा शब्द हा आहे.

संहितेतील एखाद्या शब्दाचे वजन त्याच्या कारकावरून ठरते, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगावयास नको. शैक्षणिक सोयींविषयीच्या शासकीय लेखनात अपंग विद्यार्थी बहुधा संप्रदानाच्या जागी येतो : त्याला सवलत द्यावी, त्याला साहाय्य पुरवावे. या निर्णयात तो प्रथमच कर्त्यांच्या पंक्तीत बसलेला दिसतो, ही त्याची जमेची बाजू मान्य केली पाहिजे. तथापि या कर्त्याला दिलेली क्रियापदे कोणती? मंडळाने अपंगांच्या दैनंदिन गरजांकडे लक्ष पुरवावयाचे आहे आणि तज्ज्ञ समिती ज्या योजना आखील त्यांची अंमलबजावणी करावयाची आहे. आखणी अन्यत्र झालेली आहे, असे यात गृहीतच धरले आहे. त्या तज्ज्ञ समितीवर कोणाला घेता येईल हे सांगताना सल्लागार मंडळे आणि आयुक्त यांचा उल्लेख होतो; विद्यार्थ्याचा होत नाही. शिवाय कंसातील ‘विद्यार्थी’ अपंगच असला पाहिजे, अशी अटही नाही. एकही अपंग विद्यार्थी न घेता स्थापलेले मंडळ या शब्दांची पूर्तता करू शकते.

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी ज्याला संमती दिली, तो संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार या बाबतीत अधिक स्पष्ट आहे. त्याच्या चौथ्या अनुच्छेदातील तिसरे कलम धोरणांची घडण व अंमलबजावणी या दोहोंतही अपंगांशी निकट विचारविनिमय आणि त्यांचा सक्रिय सहभाग मागते. घडणीचा हा पहिला अर्धा भाग २०१७ च्या कंसापर्यंत पोहोचताना गळून पडला आहे.

हा भेद केवळ शब्दांचा आहे काय, हे एका उदाहरणावरून तपासता येईल. तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील गाव. तेथून मराठीच्या एम. ए. परीक्षेस बसणारा अंध विद्यार्थी कल्पावा. त्याला लेखनिक हवा. केंद्र शासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी लेखनिकाच्या शिक्षणाविषयी वा वयाविषयी बंधने घालू नयेत, त्याऐवजी पर्यवेक्षण कडक करावे, अशी भूमिका घेतली होती. २०१८ च्या तत्त्वांनी ती बदलली. परीक्षार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर त्या लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थ्यापेक्षा एक पायरी खालचे असावे, असे ठरले. यानंतरही नियमांत फेरफार झाले; परंतु प्रश्नाचे स्वरूप या बदलातच पुरेसे प्रकट होते. लबाडी होऊ नये हा नियमाचा हेतू रास्त आहे. पण जो स्वतः लेखनिकाच्या शेजारी बसून परीक्षा देतो त्याला दुसरीच गोष्ट ठाऊक असते. ज्ञानेश्वरीतील ओवी किंवा महानुभाव गद्यातील अवतरण पदवी न घेतलेल्या मुलाला सांगावयाचे म्हणजे अक्षर अक्षर फोडून सांगावे लागते, आणि तासाला वाढवून मिळालेली वीस मिनिटे त्यातच संपतात. गणिताच्या परीक्षार्थ्याची अडचण याहून वेगळी आणि अर्थशास्त्राच्या परीक्षार्थ्याची आणखी निराळी. पुन्हा, असा लेखनिक शहरात शोधणे आणि जळकोटसारख्या गावातून शोधणे यांतही अंतर आहे. ही माहिती कोणत्याही समितीच्या टाचणात आपोआप येत नाही. ती विद्यार्थ्याजवळच असते, आणि नियम लिहिला जाण्यापूर्वी विचारली तरच उपयोगी पडते.

दुसरे उदाहरण विभागांच्या अधिक जवळचे आहे. मराठीतील पुष्कळ टिपणे, प्रश्नसंच आणि नियतकालिके युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेली आहेत. कागदावर ती निर्दोष देवनागरी दिसते. परंतु संगणकावरील स्क्रीन रीडर तीच फाइल रोमन अक्षरांच्या निरर्थक मालिकेसारखी वाचतो. प्रकाशहक्काच्या कायद्याचा येथे अडसर नाही. २०१२ च्या दुरुस्तीने अपंगांसाठी वाचनयोग्य प्रती करण्याची मोकळीक दिली आहे. अडसर आहे तो दृष्टी असलेल्या माणसाला ही उणीव दिसतच नाही हा. दोष प्रथम कोणाच्या लक्षात येईल? ज्याला तो मजकूर ऐकावा लागतो त्याच्याच.

विद्यार्थ्यांनी आखणीपासून भाग घेतला म्हणजे काय घडते, याचे प्रसिद्ध उदाहरण बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे होय. पोलिओमुळे श्वसनयंत्रावर अवलंबून असलेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये तेथे दाखल झाले. वसतिगृह सोयीचे नसल्याने त्यांना विद्यापीठाच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. मागाहून तेथे आलेल्या अपंग विद्यार्थ्यांचा एक गट बनला आणि त्याच्या खटपटीतून १९७० मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू झाला. त्याने हाती घेतलेली कामे पाहण्यासारखी आहेत : साहाय्यक माणसे मिळवून देणे, योग्य घर शोधणे, चाकाची खुर्ची मोडल्यास ती दुरुस्त करणे. वैद्यकीय दृष्टीने अपंगत्वाकडे पाहणाऱ्याच्या यादीत खुर्चीची दुरुस्ती वरच्या क्रमांकावर आली नसती. ज्याचा दिवस त्या खुर्चीवर अवलंबून आहे त्याच्या यादीत ती येते. रॉबर्ट्स नोकरीस अपात्र आहेत असे ज्या राज्य पुनर्वसन खात्याने आरंभी ठरविले होते, त्याच खात्याचे ते १९७५ मध्ये प्रमुख झाले.

या भूमिकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की विद्यार्थी दोन वर्षांचा पाहुणा. संस्थेचे धोरण त्याच्या भरवशावर कसे सोडावे? याचे उत्तर बर्कलीच्या उदाहरणातच आहे. तेथे माणसे बदलली तरी कार्यालय, निधी आणि जबाबदारी टिकली. विद्यार्थ्याने दिशा द्यावी, भार संस्थेने वाहावा, अशी ही विभागणी आहे. तिचा विसर पडल्यास, ज्याला आधीच दुप्पट श्रम पडतात त्याच्यावर बिनमोल कामाचा तिसरा बोजा पडेल, आणि सहभाग हे त्या बोज्याचे सभ्य नाव ठरेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अधिनियमाच्या परिशिष्टात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. एका अंध विद्यार्थ्याने कर्णबधिरांच्या वतीने कसे बोलावे? हा आक्षेप खराच आहे. पण त्यातून विद्यार्थ्याला वगळण्याचा निष्कर्ष निघत नाही. एकाच प्रतिनिधीवर समाधान मानू नये, एवढाच निघतो.

११ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय स्वतःच या दिशेने पुढे आले. अपंग व्यक्तीच्या अडचणींविषयी अटकळी बांधण्याऐवजी त्या व्यक्तीशी संवाद करूनच, प्रत्येकाच्या बाबतीत स्वतंत्रपणे, वाजवी समायोजन ठरवावे, असे त्या निर्णयाने सांगितले. २०१७ चा कंस आणि २०२१ चा संवाद ही दोन टोके एकत्र वाचली पाहिजेत. पहिल्याने विद्यार्थ्याला मंडळात जागा दिली. दुसऱ्याने त्याच्याशी बोलण्याचे कारण दिले.

विद्यापीठातील विभागांनी त्यासाठी आयोगाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. परीक्षेच्या नियमांचा आणि अभ्याससाहित्याचा मसुदा अंतिम होण्यापूर्वी तो अपंग विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, त्यांनी काढलेल्या उणिवांची लेखी नोंद ठेवावी, आणि त्यांपैकी कोणती दूर केली व कोणती का केली नाही हे त्यांना कळवावे. यातील तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. ती जेथे पाळली जाईल तेथेच जळकोटहून आलेला विद्यार्थी कंसाबाहेर येऊन वाक्याचा कर्ता झाला, असे म्हणता येईल.