सांगितलेले लेखन आणि सुचलेले लेखन

नोकरीच्या बंधनात न राहता लेखणीवर उपजीविका करणाऱ्यास आपण ‘मुक्त लेखक’ म्हणतो. या शब्दात एक अनपेक्षित उपरोध दडलेला आहे. कचेरीच्या घड्याळातून असा लेखक सुटतो खरा. परंतु संपादक, निर्माता, आकाशवाणी, प्रकाशक यांच्या अनेक तारखांत तो सापडतो. त्याच्या टेबलावर नेहमीच दोन प्रकारचे कागद असतात. एक, कोणीतरी सांगितलेले. दुसरे, त्याला स्वतःला सुचलेले. या दोहोंचे नाते काय, हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच गंभीरपणे विचारात घेतला आहे. पहिल्या प्रकारास ‘पोटार्थी’ म्हणून बाजूस सारावयाचे आणि दुसऱ्यास ‘निर्मिती’ म्हणून गौरवावयाचे, अशी सोयीची वाटणी आपण करून ठेवली आहे.

ही वाटणी टिकणारी नाही, याची साक्ष मराठी कादंबरीच्या आरंभकाळीच मिळते. हरिभाऊ आपटे यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध केली. येथे मागणी करणारा संपादक आणि ती पुरविणारा लेखक एकच होता. साप्ताहिकाच्या निकडीमुळे त्यांच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ आला, काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. परंतु त्याच निकडीने यमूच्या कथनाला दैनंदिन जीवनाची संथ, घरगुती लय दिली. तेव्हा मागणी ही निर्मितीची शत्रूच असते, असे म्हणता येत नाही. दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात : तारीख कोणाची, आणि अखेरचा शब्द कोणाचा.

ग. दि. माडगूळकर यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोलके आहे. ‘गीतरामायण’ हे सांगितलेले काम होते. पुणे आकाशवाणीवरील सीताकांत लाड यांच्या सूचनेवरून ते हाती घेतले गेले आणि 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीच्या दिवशी, त्याचे प्रसारण सुरू झाले. वर्षभर आठवड्यास एक याप्रमाणे एकूण 56 गीते माडगूळकरांनी लिहिली व सुधीर फडके यांनी ती स्वरबद्ध केली. नभोवाणीच्या श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही. म्हणून प्रत्येक गीतात एक प्रसंग, एक बोलणारे पात्र आणि एक भावस्थिती पुरी व्हावी लागते. प्रसंग, पात्र आणि चाल यांच्या चौकटीत शब्द बसविण्याची ही शिस्त माडगूळकरांनी कोठे मिळविली? चित्रपटगीतांच्या व्यवसायात. ज्या धंद्याने त्यांचा वेळ घेतला, त्यानेच त्यांच्या हाताला हे वळण दिले. आठवड्याची तारीख आकाशवाणीची होती. कोणता प्रसंग कोणाच्या मुखी घालावा आणि वाल्मीकींच्या कथेतील काय घ्यावे, हे मात्र कवीच्या हाती राहिले.

चित्रपटात असे घडत नाही. तेथे गीत कथेत कोठे येणार, किती कडव्यांचे होणार, चित्रण झाल्यावर त्यातले किती उरणार, हे ठरविणारे अनेक असतात. माडगूळकरांची चित्रपटगीते पुढे ‘चैत्रबन’मध्ये संगृहीत झाली, तेव्हा त्यांतील पुष्कळशी पडद्यापासून सुटूनही कविता म्हणून उभी राहिली. तरीही नवकवितेच्या चर्चेत रमलेल्या आपल्या समीक्षेने ‘जोगिया’च्या कवीला ‘गीतकार’ या उपाधीत बंदिस्त केले. एका व्यवसायाची पाटी साऱ्या लेखनावर लावली गेली. हा अन्याय बाजाराने केलेला नाही. तो आपण केलेला आहे.

विजय तेंडुलकर यांच्याकडे वळले, म्हणजे प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. वृत्तपत्रांतील नोकरी, सदरलेखन आणि पुढे ‘निशांत’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’ या चित्रपटांचे पटकथालेखन करीत असताना त्यांनी नाटक लिहिले. पत्रकार अश्विनी सरीन यांनी 1981 मध्ये एका स्त्रीची खरेदी करून माणसांच्या विक्रीचा व्यवहार उघडकीस आणला होता. त्या घटनेतून ‘कमला’ हे नाटक आले. नाटकातील जयसिंग असाच धाडसी पत्रकार आहे. परंतु बातमी गैरसोयीची ठरताच मालक त्याला नोकरीतून काढून टाकतो. आपण विकत घेतलेल्या कमलासारखेच आपणही दुसऱ्याच्या मालकीचे आहोत, हे त्याला उमगण्यापूर्वी त्याच्या पत्नीला, सरिताला, उमगलेले असते. भाड्याने दिलेल्या लेखणीचे इतके निष्ठुर परीक्षण त्या व्यवसायाला आतून ओळखणाऱ्यालाच करता येते. व्यवसायाने येथे अनुभवसामग्री पुरविली. तिचा न्यायनिवाडा करण्याचा हक्क नाटककाराने स्वतःकडे ठेवला.

अरुण कोलटकर यांनी तिसरा मार्ग पत्करला. जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून काम करीत त्यांनी लेखणी बाजारापासून दूर ठेवली; विकली ती रेषेची आणि मांडणीची नजर. त्यांचे ‘जेजुरी’ 1976 मध्ये क्लिअरिंग हाउसने काढले. ही कवींनी स्वतः उभी केलेली प्रकाशनसंस्था होती आणि तिच्या पुस्तकांची मांडणी कोलटकरच करीत. व्यवसायात कमावलेले कौशल्य अशा जागी वापरले गेले, जेथे अखेरचा शब्द कवींचाच होता. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ 1977 मध्ये आल्या आणि त्यानंतरचे मराठी संग्रह, ‘चिरीमिरी’ व ‘भिजकी वही’, 2003 मध्ये. मध्यंतरीची 26 वर्षे म्हणजे मौन नव्हे. कविता लिहिली जात होती, तिला बाहेरची तारीख नव्हती. हे स्वातंत्र्य खरे. पण त्याची किंमतही तितकीच खरी. ही पुस्तके आली आणि दुसऱ्याच वर्षी कवी गेला.

प्रस्तुत लेखकाला या किमतीची थोडी ओळख आहे. प्राध्यापकी सांभाळून त्याने मानधनावर कोशांतील नोंदी लिहिल्या, अनुवाद केले, इतरांच्या पुस्तकांना प्रस्तावना दिल्या. ही कामे वेळेवर झाली, कारण त्यांची विचारणा करणारी पत्रे येत असत. प्रबंधानंतर योजलेल्या स्वतःच्या पुस्तकाची टिपणे मात्र तीस वर्षे एका पेटीत आहेत. त्यासाठी कधीच कोणाचे पत्र आले नाही. या अपयशाचा दोष मानधनाच्या कामांवर ढकलणे सोपे होते आणि पुष्कळ वर्षे तो ढकललाही. आज वाटते, सांगितलेल्या कामाला विचारणारा कोणी असतो. सुचलेल्या कामाला विचारणारे आपणच व्हावे लागते. हरिभाऊंनी साप्ताहिक काढून नेमके हेच केले होते.

अभ्यासकांनी यावरून एक पथ्य पाळावे. एखाद्या लेखकाची सूची करताना त्याची पटकथा, सदरे, नभोवाणीसाठीच्या संहिता, अनुवाद ही सारी ‘इतर लेखन’ या शेवटच्या रकान्यात लोटू नयेत. त्या प्रत्येकाविषयी वरील दोन प्रश्न विचारावेत. पैसा मिळाला की नाही, हा प्रश्न लेखकाच्या चरित्राचा आहे. शब्दावर अखेरचा हात कोणाचा फिरला, हा साहित्याचा आहे. मुक्त लेखकाची मुक्तता मोजावयाची, तर ती याच ठिकाणी मोजावी लागेल.